वरच्या गंगेतले वीस टक्के: जलविद्युत, पर्यावरणीय प्रवाह आणि असेला मासा

उत्तरकाशीला जोशियाडा बराजवर भागीरथीचे पाणी वळवले जाते. सुमारे १६ किलोमीटरच्या बोगद्यातून ते धरासूला पोहोचते आणि तिथे मनेरी भाली टप्पा दोनची ३०४ मेगावॉटची जनित्रे फिरवून पुन्हा नदीत पडते. या प्रकल्पाला मोठे धरण नाही, मोठे बुडीत क्षेत्रही नाही. कागदावर तो रन-ऑफ-रिव्हर, म्हणजे वाहत्या पाण्यावरचा प्रकल्प. पण बराज आणि वीजगृह यांच्या मधल्या पात्रात हिवाळ्यात किती पाणी उरेल हे नदी ठरवत नाही. ते बराजवरचा माणूस दार किती उचलतो यावर ठरते. अलकनंदा आणि भागीरथीच्या खोऱ्यांत असे तुकडे एकामागून एक आहेत. भारतीय वन्यजीव संस्थेने २०१२ च्या अहवालात या दोन खोऱ्यांतले ७० प्रकल्प एकत्र तपासले. त्यांतले १७ चालू होते, १४ बांधकामात आणि ३९ प्रस्तावित. माशांच्या ७६ जाती नोंदवून संस्थेने प्रस्तावितांपैकी २४ प्रकल्पांबाबत फेरविचार सुचवला होता.

या अभ्यासाचा विषय त्यानंतर आलेला नियम आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने पर्यावरण (संरक्षण) कायदा, १९८६ खाली गंगेसाठी किमान पर्यावरणीय प्रवाहाची, म्हणजे नदी जिवंत राहावी म्हणून पात्रात सोडावेच लागणारे पाणी ठरवणारी, अधिसूचना काढली. उगमापासून हरिद्वारपर्यंतच्या भागासाठी तिने टक्केवारी ठरवली: नोव्हेंबर ते मार्च २० टक्के, ऑक्टोबर, एप्रिल आणि मे महिन्यांत २५ टक्के, जून ते सप्टेंबर ३० टक्के. टक्केवारीचा आधार म्हणजे आधीच्या दहा दिवसांत प्रत्यक्ष मोजलेला सरासरी प्रवाह. हरिद्वारच्या खाली मात्र टक्के नाहीत, ठोक आकडे आहेत. भीमगोडा बराजखाली पावसाळ्यात ५७ क्युमेक आणि इतर वेळी ३६ क्युमेक (१ क्युमेक म्हणजे सेकंदाला १ घनमीटर). देखरेख आणि नोंदी केंद्रीय जल आयोगाकडे आहेत, आणि मोजणी ताशी व्हावी अशी अपेक्षा आहे. जुन्या प्रकल्पांना तीन वर्षे दिली होती. सप्टेंबर २०१९ मध्ये ती मुदत अलीकडे ओढून १५ डिसेंबर २०१९ केली. त्या सुमारास आयोगाने तपासलेल्या अकरा प्रकल्पांपैकी चार नियमात बसत नव्हते.

नियमभंगाची बातमी झाली आणि चर्चा तिथेच थांबली. पण नियम शंभर टक्के पाळला तरी माशाच्या वाट्याला नेमके काय येते, हा अधिक उपयोगाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधायला हिशेब करावा लागतो.

विजेचा हिशेब

एक काल्पनिक प्रकल्प घेऊ. पाण्याची उभी घसरण, म्हणजे हेड, २०० मीटर. टर्बाइनची कमाल क्षमता ६० क्युमेक. एकूण कार्यक्षमता ८८ टक्के. किलोवॉटमधली शक्ती काढायला ९.८१ गुणिले प्रवाह गुणिले हेड गुणिले कार्यक्षमता एवढेच करायचे. दर क्युमेकला १.७३ मेगावॉट येतात आणि पूर्ण क्षमता सुमारे १०४ मेगावॉट भरते.

जानेवारीत आवक ४० क्युमेक आहे असे धरा. २० टक्के म्हणजे ८ क्युमेक पात्रात सोडायचे. त्यामुळे १३.८ मेगावॉट जातात. नोव्हेंबर ते मार्चच्या १५१ दिवसांत ही तूट सुमारे ५ कोटी युनिट होते. वर्षाचा भारांक, म्हणजे पूर्ण क्षमतेने वर्षभर चालल्यास मिळणाऱ्या विजेपैकी प्रत्यक्ष मिळणारा हिस्सा, ५० टक्के धरला तर प्रकल्प साधारण ४५ कोटी युनिट देईल. म्हणजे तूट ११ टक्क्यांच्या आसपास. आता जुलै पाहा. आवक ३००, नियमाने सोडायचे ९०, उरले २१०, आणि टर्बाइन घेणार फक्त ६०. तूट शून्य. मे महिन्यात आवक १०० असेल तर २५ सोडून ७५ उरतात, तरीही तूट शून्य. ऑक्टोबरमध्ये आवक ७० वर आली की ५२.५ उरतात आणि तेव्हा कुठे साडेसात क्युमेकचा फटका बसतो.

म्हणजे ३० टक्के हा आकडा दिसायला उदार आहे, पण त्याची किंमत कोणी मोजत नाही. ते पाणी तसेही सांडव्यावरून जाणार होते. खरा वाद फक्त हिवाळ्यातल्या २० टक्क्यांचा आहे आणि सर्वांत कमी टक्केवारी नेमकी तिथेच ठेवली आहे. हे ठरवताना कोणाची अडचण आधी पाहिली गेली, ते आकड्यांवरून उघड आहे.

हवामान धोरणाच्या बाजूने युक्तिवाद असा येतो: ग्रीडमधल्या युनिटमागे सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर ५ कोटी युनिट म्हणजे ३५,००० टन. एवढे उत्सर्जन माशांसाठी वाढवायचे का? प्रश्न चुकीचा नाही, पण अर्धा आहे. १ मेगावॉट सौर पॅनेल वर्षाला साधारण १५ लाख युनिट देते, त्यामुळे ही तूट सुमारे ३३ मेगावॉट सौर क्षमतेने भरते. युनिटांची भरपाई अवघड नाही. अवघड आहे ती वेळेची भरपाई, कारण सौर वीज संध्याकाळी सातला नसते. त्या मुद्द्याकडे पुढे येऊ. या प्रकरणाची खरी गाठ तिथे आहे.

सोडायचे पाणीही पूर्ण वाया जात नाही. बराजच्या पायथ्याशी २० मीटर हेड मिळत असेल तर ८ क्युमेकवर ८५ टक्के कार्यक्षमतेचे छोटे टर्बाइन १.३ मेगावॉट देते. तुटीचा हा जेमतेम दहावा हिस्सा. पण याचा दुसरा फायदा मोठा आहे: सोडलेल्या पाण्यावर कमाई होऊ लागली की ते बंद करण्याचा मोह कमी होतो.

माशाचा हिशेब

या पट्ट्यात दोन मासे महत्त्वाचे. असेला, म्हणजे हिमालयी स्नो ट्राउट (शायझोथोरॅक्स रिचर्डसोनी), आणि सोनेरी महाशीर (टॉर प्युटिटोरा). आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत पहिला असुरक्षित, तर दुसरा संकटग्रस्त गटात आहे. असेल्याचे तोंड खाली असते; खालच्या ओठाच्या कठीण कडेने तो दगडांवरचे शेवाळ खरवडून खातो. त्यामुळे त्याला नुसते पाणी पुरत नाही. ओले, प्रकाश पोहोचणारे आणि गाळ न बसलेले दगड लागतात. अंडी तो उथळ, स्वच्छ पाण्यातल्या खडीवर घालतो. महाशीर मोठा आणि फिरस्ता. बर्फाचे पाणी वाढू लागले की तो वर सरकू लागतो आणि पावसाळ्यात उपनद्यांत शिरून अंडी घालतो. व्यासघाटाला गंगेला मिळणारी नयार ही अशीच एक उपनदी.

नदीतून वर-खाली जाताना माशाची अडचण डोहात होत नाही, खळाळात होते. खळाळ म्हणजे दगडगोट्यांवरून उथळ, वेगाने वाहणारा भाग. तिथली खोली मॅनिंगच्या सूत्राने, म्हणजे पात्राची रुंदी, उतार आणि खडबडीतपणा यांवरून, काढता येते. पात्र ३० मीटर रुंद, उतार १ टक्का, खडबडीतपणाचा गुणक ०.०५ घेतला तर ४० क्युमेकला खोली ७८ सेंटीमीटर येते. प्रवाह ८ वर आणला की खोली ३० सेंटीमीटर आणि वेग सेकंदाला सुमारे ०.९ मीटर. पाणी पाचपटीने घटले, तरी खोली ३८ टक्के राहिली. ही टक्केवारीच्या बाजूची चांगली बातमी.

आता तोच प्रवाह ६० मीटर रुंद खळाळावर सोडा. खोली २० सेंटीमीटरवर येते. ८० सेंटीमीटर लांबीच्या महाशीराच्या अंगाची उंचीच साधारण १६ ते २० सेंटीमीटर असते. पाठ पाण्याबाहेर काढून खडबडीत दगडांवरून काही मीटर जाणे त्याला क्वचित जमेल, शंभर मीटर नाही. वर दिलेली खोली सरासरी आहे हेही विसरू नये. प्रत्यक्षात पाणी दोन-तीन धारांत वाटले जाते. एखादी धार पुरेशी खोल असू शकते किंवा एकही नसते. म्हणून मासा पार जाईल की नाही याचा निर्णय सर्वांत रुंद आणि उथळ खळाळावर आडवा छेद घेऊन करायचा. कोरड्या पडणाऱ्या तुकड्यात असे किमान तीन ते पाच खळाळ निवडावेत, प्रत्येकी दोन-तीन आडवे छेद घ्यावेत, आणि किमान तीन वेगवेगळ्या प्रवाहांना खोली व वेग मोजून गणित पडताळावे. पूल जिथे आहे तिथे छेद घेण्याची सवय सार्वत्रिक आहे. पूल अरुंद जागीच बांधतात, त्यामुळे तिथली खोली नेहमीच दिलासा देणारी दिसते.

सात आयआयटींच्या संघाने गंगेच्या आराखड्यासाठी वापरलेली पद्धत खोलीवरूनच सुरू होते: वर्षभर फिरण्यासाठी लागणारी खोली, प्रजननाच्या काळातली खोली, आणि पावसाळ्यात काठ भिजवणारा पूर. अधिसूचना मात्र टक्क्यांत बोलते. टक्के राबवायला सोपे, पण ३० मीटरच्या आणि ६० मीटरच्या पात्राला ते एकच औषध देतात.

दार, पाइप आणि मोजपट्टी

आठ क्युमेक सोडा म्हणणे सोपे आहे. बराजचे रेडियल (कमानीसारखे वाकलेले, वर उचलायचे) दार १२ मीटर रुंद आणि त्यामागे २० मीटर पाणी असेल तर दार १ सेंटीमीटर उचलले की सुमारे १.४ क्युमेक जातात. म्हणजे ८ क्युमेकसाठी साडेपाच सेंटीमीटरची फट. एवढ्या फटीत ओंडका किंवा धोंडा अडकतो, दार थरथरते, खालचे रबरी सील फाटते आणि गाळमिश्रित पाणी दाराची कड खाते. दार चालवणाऱ्याला ते आवडत नाही आणि त्याचे बरोबर आहे. मग दिवसातून दोनदा दार मोठे उघडून हिशेब भरला जातो. सरासरी बरोबर येते. नदीत मात्र दोन लोंढे आणि मध्ये कोरड.

उपाय स्वतंत्र पाइपचा आहे. २० मीटर हेडला ८ क्युमेकसाठी सुमारे ९३ सेंटीमीटर व्यासाचे तोंड लागते. इथली नेहमीची चूक म्हणजे हा व्यास पूर्ण जलपातळीवर काढणे. तळ्याची पातळी उतरून हेड १५ मीटर झाले की त्याच पाइपातून ६.९ क्युमेकच जातात, म्हणजे १३ टक्के कमी. व्यास किमान चालन पातळीवर, म्हणजे प्रकल्प चालू असताना तळे उतरू शकते त्या सर्वांत खालच्या पातळीवर, काढावा आणि वरच्या पातळीला झडपेने आवरावे. आणखी दोन गोष्टी. पाणी तळातून घेतले तर गाळ आणि थंडावा दोन्ही सोबत येतात. आणि झडपेला वीजगृहाच्या बिघाडातही चालेल असा वेगळा वीजपुरवठा हवा.

मोजणीत याहून मोठी गडबड होते. पात्रात पातळी मोजतात आणि पातळी-प्रवाह वक्रावरून, म्हणजे कोणत्या पातळीला किती पाणी वाहते हे दाखवणाऱ्या आलेखावरून, प्रवाह वाचतात. प्रवाह खोलीच्या ५/३ घाताने बदलतो, म्हणून ३० सेंटीमीटर खोलीत ५ सेंटीमीटरची चूक प्रवाहात सुमारे २८ टक्क्यांची चूक करते. हिमालयी नदीचा तळ प्रत्येक पावसाळ्यात हलतो. मोजपट्टीशेजारी एक मोठा दगड येऊन बसला तरी जुना वक्र निरुपयोगी होतो. ऑक्टोबरमध्ये नव्याने प्रवाह मापून वक्र बदलला नसेल तर हिवाळ्यातले पालनाचे आकडे वाचण्यात अर्थ नाही. मापन केंद्राची जागाही पाहावी. बराजखाली दोन किलोमीटरवर, मध्ये एखादा नाला मिळाल्यानंतर मोजले तर नाल्याचे पाणी प्रकल्पाच्या खात्यात जमा होते आणि वरचे दोन किलोमीटर कोणाच्याच खात्यात नसतात.

दहा दिवसांची सरासरी

आधीच्या दहा दिवसांचा आधार घेतल्याने उतरत्या नदीत किंचित जास्त आणि चढत्या नदीत किंचित कमी पाणी सुटते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नदी उतरत असते, तेव्हा हा फरक माशाच्या फायद्याचा. एप्रिल-मेमध्ये बर्फ वितळून नदी चढते, म्हणजे महाशीराला वर सरकण्याचा इशारा मिळण्याच्या वेळी, तेव्हा तोट्याचा. फरक लहान आहे, पण उलट्या वेळी पडतो.

त्याहून महत्त्वाचा शब्द आहे ‘मोजलेला’. टक्केवारी नैसर्गिक प्रवाहावर नाही, जागेवर आलेल्या प्रवाहावर आहे. भागीरथीवरचे टिहरीचे २६०.५ मीटर उंच धरण पावसाळ्याचे पाणी साठवून हिवाळ्यात सोडते. त्याच्या खाली कोटेश्वरला येणारा प्रवाह नदीचा नसतो, विजेच्या मागणीचा असतो. अशा प्रवाहाचे २० टक्के काढून त्याला पर्यावरणीय म्हणणे हिशेबाला धरून आहे, परिसंस्थेला नाही. एकामागून एक प्रकल्प असले की प्रत्येक जण वरच्याने बदललेल्या नदीची टक्केवारी पाळत असतो.

संध्याकाळची वीज

मार्च २०१९ मध्ये केंद्राने २५ मेगावॉटच्या वरची जलविद्युतही नवीकरणीय म्हणून मोजायला सुरुवात केली आणि वितरण कंपन्यांसाठी जलविद्युत खरेदीचे बंधन आणले. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोला २०३० पर्यंत ५०० गिगावॉट बिगर-जीवाश्म क्षमतेचे लक्ष्य जाहीर झाले. सौर वाढेल तसा संध्याकाळचा चढ, म्हणजे सूर्य मावळताना इतर स्रोतांवर एकदम वाढणारी मागणी, तीव्र होतो, आणि तो चढायला पाणी हा जलद पर्याय आहे. टिहरीचा १,००० मेगावॉटचा पंप-साठवण प्रकल्प (वीज जास्त असताना पाणी वर चढवून गरजेला खाली सोडणारा) याच गरजेसाठी आहे आणि त्याचे खालचे तळे म्हणजे कोटेश्वर. वळवलेल्या पात्राचा प्रश्न यात थोडा बाजूला पडतो आणि वीजगृहाच्या खालच्या नदीचा प्रश्न पुढे येतो.

आपल्या काल्पनिक प्रकल्पाकडे परत या. ८ क्युमेक सोडून ३२ उरतात. बराजमागे थोडा साठा असेल तर हे पाणी दिवसभर धरून ६० क्युमेकने १२.८ तास चालवता येते. मग वीजगृहाखाली नदी दिवसातले काही तास ६८ क्युमेक आणि बाकीचे ८ क्युमेक वाहते. दिवसाची सरासरी ४०. किमान प्रवाह ८, एका मिनिटालाही त्याखाली नाही. अधिसूचनेचे पूर्ण पालन.

त्याच ३० मीटर रुंद खळाळावर ६८ क्युमेकला खोली १.०८ मीटर आणि वेग २.१ मीटर प्रति सेकंद. ८ क्युमेकला ३० सेंटीमीटर. म्हणजे ७८ सेंटीमीटरची उतरण. टर्बाइन पंधरा मिनिटांत बंद होते. काठच्या खडीवर विसावलेली बोटाएवढी पिल्ले, ज्यांना मुख्य धारेचा वेग झेपत नाही, ती पाण्यासोबत मागे सरकू शकत नाहीत. खळग्यांत किंवा दगडांखाली अडकून मरतात. युरोपातल्या ट्राउट-सॅल्मनवरच्या प्रयोगांत पातळी तासाला साधारण १० ते १५ सेंटीमीटरहून वेगाने उतरली की अडकणे वाढते असे दिसते. असेल्याला तोच आकडा लागू पडेलच असे नाही, पण तोपर्यंत तो सुरुवातीचा आधार म्हणून चालतो. तासाला १५ सेंटीमीटर पाळायचे तर ७८ सेंटीमीटर उतरायला पाच तासांहून अधिक लागतील. संध्याकाळच्या चार तासांच्या विजेसाठी पाच तासांचा उतार! व्यवहारात टर्बाइनला हे परवडत नाही. म्हणून उपाय वीजगृहाखालच्या समतोल तळ्यात (लोंढा अडवून पाणी सावकाश सोडणाऱ्या) किंवा कमाल-किमान गुणोत्तराच्या मर्यादेत शोधावे लागतात. स्वित्झर्लंडच्या नियमांत दिवसाचे कमाल-किमान गुणोत्तर १.५ च्या वर गेले की परिणाम तपासण्याची वेळ येते. आपल्या उदाहरणात ते ८.५ आहे.

ताशी मोजणीची तरतूद आपल्याकडे आहे. तिचा उपयोग किमान रेषेच्या वर-खाली पाहण्यापुरताच होतो. त्याच नोंदींतून तासाला पातळी किती उतरली हे काढायला नवे यंत्र लागत नाही, एक वजाबाकी लागते.

मासे मोजताना

नियमाचा परिणाम दाखवायला मासे मोजावे लागतात, आणि इथे एक सापळा ठरलेला आहे. पाणी कमी झाले की मासे उरलेल्या डोहांत गोळा होतात. जाळ्यामागे पकड वाढते. अहवालात लिहिले जाते की वळवलेल्या पात्रात मासे भरपूर आहेत. म्हणून पकड नुसती प्रयत्नामागे देऊ नये. क्षेत्रफळामागे द्यावी आणि डोह व खळाळ वेगळे मोजावेत.

विद्युत-मासेमारीत, म्हणजे पाण्यात वीज सोडून मासे सुन्न करून पकडण्याच्या पद्धतीत, दोन्ही बाजूंना जाळे लावून तोच तुकडा दोनदा काढतात. पहिल्या फेरीत ४२ आणि दुसऱ्या फेरीत १८ मासे मिळाले तर अंदाज म्हणजे ४२ चा वर्ग भागिले २४, साधारण ७४. पकडण्याची शक्यता ५७ टक्के निघते. ती ३०-४० टक्क्यांखाली गेली तर तिसरी फेरी हवीच. हिमालयी पाण्यात क्षार कमी, विद्युतवाहकता कमी. व्होल्टेज वाढवले नाही तर मासा सुन्न होत नाही, सावध होऊन पळतो. जागा किमान तीन: बराजच्या वर तळ्याच्या प्रभावाबाहेर, वळवलेल्या तुकड्यात, आणि वीजगृहाखाली. शेजारच्या न अडवलेल्या नदीत चौथी जागा असेल तर पुराचा परिणाम आणि प्रकल्पाचा परिणाम वेगळा काढता येतो. जून २०१३ आणि ७ फेब्रुवारी २०२१ चे पूर पाहिल्यावर या चौथ्या जागेला पर्याय उरत नाही.

प्रौढ मासे काही वर्षे जगतात, म्हणून त्यांची संख्या नियमाला उशिरा उत्तर देते. वर्षभरात उत्तर हवे असेल तर पिल्ले मोजावीत: प्रजननानंतर सहा ते आठ आठवड्यांनी, काठच्या उथळ पाण्यात, ठरावीक लांबीच्या पट्ट्यात. पाण्याचे तापमान दर अर्ध्या तासाला नोंदवणारी छोटी यंत्रे तिन्ही जागी ठेवावीत. भागीरथी-अलकनंदेच्या वरच्या भागात परदेशी ब्राउन ट्राउटही आहे. असेला घटला आणि ट्राउट वाढला असेल तर कारण फक्त प्रवाह नसते, आणि एकूण मासे तेवढेच राहिल्याचा आकडा दिशाभूल करतो.

अटीत काय लिहावे

परवानगीच्या अटीत सध्या टक्केवारी असते. तिच्या शेजारी चार ओळी वाढवता येतात: ठरवलेल्या खळाळांवर हिवाळ्यात आणि एप्रिल-मेमध्ये किमान खोली; वीजगृहाखाली तासाला पातळी उतरण्याची मर्यादा, आणि प्रजननाच्या आठवड्यांत ती निम्मी; किमान चालन पातळीला पुरेल असा स्वतंत्र पाइप; आणि दर ऑक्टोबरला नवा पातळी-प्रवाह वक्र. यांतली फक्त दुसरी अट विजेच्या वेळेला हात लावते. ती सगळीकडे लावण्याचीही गरज नाही. लगेच खाली दुसऱ्या प्रकल्पाचे तळे असेल तर उतरण त्या तळ्यात विरते. तिथे मर्यादा सैल ठेवून तेवढी लवचीक वीज घ्यावी, आणि देवप्रयागच्या खाली जिथे नदी मोकळी आहे, नयारसारखी उपनदी मिळते, तिथे ती घट्ट करावी.